गोचिडीचे यजमान

माझी नोकरी चादर ओढण्याची आहे. असं सांगितलं की लोक विचारतात, "लॉन्ड्रीत का?" नाही. गवतात.

एक मीटर लांब, एक मीटर रुंद पांढरं फ्लॅनेल, पुढच्या कडेला काठी, काठीला दोरी. ते गवतावरून ओढत वीस पावलं चालायचं, थांबायचं, कापड उलटं करायचं आणि त्याला लटकलेल्या गोचिडी चिमट्याने उचलून नळीत भरायच्या. नळीत गवताचं एक ओलं पातं टाकायचं, म्हणजे प्रवासात त्यांना कोरड पडत नाही. मग पुढची वीस पावलं. गोचिडी कुठे आहेत आणि त्यांच्या पोटात काय काय आहे, हे आरोग्य खात्याला कळायला हवं असतं. आपण कुठे आहोत हे गोचिडींना कळायला हवं असतं. त्यांना ते नेहमी आधी कळतं.

आमची प्रयोगशाळा खात्याच्या तळघरात आहे. पूर्वी तिथे दातांचा दवाखाना होता. दवाखाना गेला, खुर्ची राहिली, कारण ती जमिनीत रोवलेली आहे आणि ती उपटायचा अर्ज कुणाकडे करायचा यावर अजून एकमत नाही. आमच्या बाई त्याच खुर्चीच्या दिव्याखाली गोचिडी ओळखतात. पाहुणा आला की त्याला खुर्चीत बसवतात. बसला की तो आपोआप तोंड उघडतो. मुलाखतीच्या दिवशी मीही उघडलं होतं.

बाई सव्वीस वर्षं हेच करताहेत. खसखशीच्या दाण्याएवढं पिल्लू समोर ठेवा, त्या जात सांगतात, वय सांगतात, शेवटचं जेवण कधी झालं तेही सांगतात. त्यांच्या तोंडून "वा" असं मी कधी ऐकलेलं नाही. फारच खूश झाल्या तर म्हणतात, "नोंद चांगली आहे." माझ्या वाट्याला हे वाक्य दोन वर्षांत आलेलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक नळी दाखवली. "ही इक्सोडिस रिसिनस. आपल्या या थंड देशात जास्त हीच. आयुष्यात तीनदा जेवते. दोन-तीन वर्षांचं आयुष्य, तीन जेवणं. तू आज सकाळपासून किती वेळा खाल्लंस?"

मी आकडा सांगितला नाही.

"डोळे नाहीत हिला. पुढच्या पायांच्या टोकाला नाक आहे असं समज. गवताच्या शेंड्यावर चढते, मागच्या पायांनी पातं धरते, पुढचे दोन पाय पसरते आणि थांबते. उडी नाही, धावपळ नाही. कुणीतरी येईल, आठवड्याने येईल, महिन्याने येईल. आलं की त्याच्या श्वासावरून ओळखते. चिकटली की आधी जागा बधिर करते, मग स्वतःचं सिमेंट ओतून तोंड पक्कं बसवते, आणि मग जेवायला सुरुवात." त्यांनी खुर्चीकडे मान वळवली. "इथे पूर्वी एवढ्या सफाईने काम झालं असेल असं मला वाटत नाही."

"आणि रोग?"

"रोग तिचे नाहीत. उंदराकडून, गाईकडून, हरणाकडून आलेले असतात. ती पोचवते." मग त्यांनी रोग सांगितले, हुशार भाच्यांबद्दल सांगावं तशा आवाजात. एक कातडीवर लाल कडं काढतो आणि सावकाश सांध्यांत, कधी हृदयात शिरतो. एक थेट मेंदूला सूज आणतो. एक रक्ताच्या लाल पेशीत घर करून पेशीच फोडतो. "तो तिसरा आपल्या भागात अजून कुणी पाहिलेला नाही. म्हणजे तो नाही असं नव्हे. पाहिलेला नाही."

नियम तीनच होते. पँट मोज्यात खोचायची. घरी गेल्यावर अंग तपासायचं. आणि बाहेरच्या माणसाला कामावर न्यायचं नाही.

एका रविवारी माझा जोडीदार पाठ धरून घरी बसला आणि मी बाबांना नेलं.

बाबा लिफ्ट तपासनीस होते. छत्तीस वर्षं लिफ्टच्या विहिरीत उतरून दोर, ब्रेक आणि दारं तपासायची आणि कागदावर लिहायचं, "तपासले. सुरक्षित." निवृत्त झाल्यापासून त्यांना तपासायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे ते घरातल्या खुर्च्या हलवून बघत. तेविसाव्या वर्षी ते एका विहिरीत दीड मजला पडले होते आणि त्यांची प्लीहा काढावी लागली होती. हिच्याशिवाय माणूस जगू शकतो, असं तेव्हाचे डॉक्टर म्हणाले. बाबांनी ते प्रमाणपत्र समजून ठेवून दिलं.

"बाबा, पँट मोज्यात खोचा."

"मी शाळेत चाललोय का?"

"गोचिडी पायावरून वर चढतात."

"साहेब, मी दहा मजली विहिरीत लोंबकळलोय. मला चढणाऱ्यांचं सांगू नका."

खोचली नाही. पण कामाला माणूस पक्का. वीस पावलं म्हणजे वीस. चुकून एकविसावं पडलं तर मागे येत. दर थांब्यावर कापड असं न्याहाळत की जणू कुणी त्याला लटकून खाली उतरणार आहे. संध्याकाळी म्हणाले, "तुझं काम मला फालतू वाटायचं. फालतू नाही." आमच्या घरात यापुढची पायरी म्हणजे थेट पुतळा.

मंगळवारी बाबांना गुडघ्याच्या मागे चामखीळ दिसली.

"या वयात येतात," ते म्हणाले आणि तिला टूथपेस्ट लावू लागले. सकाळ-संध्याकाळ, दात घासून झाले की उरलेली चामखिळीला. रोज जेवताना आम्हाला अहवाल मिळायचा. चामखीळ वाढली. चामखीळ टपोरी झाली. पुढच्या सोमवारी त्यांनी जाहीर केलं, "गेली! मुळासकट गळून पडली. डॉक्टर नाही, काही नाही. टूथपेस्ट."

मी भात कालवत "छान" म्हणालो. गोचीड ओळखण्याबद्दल ज्याला पगार मिळतो, त्याने म्हटलेलं ते "छान" मला अजून रात्रंदिवस ऐकू येतं.

चार दिवसांनी बाबांना ताप आला. पहिले डॉक्टर म्हणाले फ्लू. मग थंडी भरून येऊ लागली, लघवी चहाच्या रंगाची झाली, डोळे पिवळे पडले आणि आम्ही त्यांना इस्पितळात हलवलं. तिथे रक्त काचेवर पसरून बघितलं, लाल पेशींमध्ये छोट्या छोट्या अंगठ्या सापडल्या, आणि निदान झालं मलेरिया.

"बाबा कुठे प्रवासाला गेले होते?" वॉर्डातल्या डॉक्टरांनी विचारलं. तरुण होते, चांगले होते, चार दिवस झोपलेले नव्हते.

"कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत," आई म्हणाली.

मलेरियाचं औषध सुरू झालं. तीन दिवस झाले, ताप हलेना. रक्त रोज कमी भरत होतं. आई उशाशी बसून घरच्या बातम्या सांगायची, कारण बाबांना गप्प माणसांची भीती वाटते. नळाचा वॉशर बदलला. वरच्या मजल्यावरच्यांनी पुन्हा पियानो घेतला. एरंड काही उगवायचं नाव घेत नाही. बाबा डोळे मिटून म्हणायचे, "पाणी जास्त होत असेल."

चौथ्या दिवशी मी बाईंसमोर उभा राहिलो. बसलो नाही, कारण बसलो असतो तर तोंड उघडं पडलं असतं आणि मला ते स्वतः उघडायचं होतं.

"बाई, त्या रविवारी काठीची दुसरी बाजू माझ्या बाबांनी धरली होती."

"माहीत आहे." त्यांनी त्या रविवारची वही काढून समोर ठेवली. प्रत्येक पानाखाली, माझ्या सहीशेजारी, वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "तपासले. सुरक्षित." बाई म्हणाल्या, "आपल्याकडे गोचिडींना कुणी सुरक्षित म्हणत नाही. पण बाकी नोंद चांगली आहे, म्हणून मी गप्प बसले. आता काय झालं?"

मी ताप, पिवळे डोळे, मलेरियाचं निदान, सगळं सांगितलं. त्या उठल्या, कोट घातला आणि इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जाऊन बाबांची काच मागितली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्या इतका वेळ बसल्या की तिथल्या मुलीने त्यांना पाणी आणून दिलं.

"बघ," त्या मला म्हणाल्या. "मलेरियाचा जंतू पेशीत जेवला की मागे तपकिरी खरकटं ठेवतो. इथे खरकटं आहे?"

"नाही."

"ताट चाटूनपुसून स्वच्छ. आणि हे? एका पेशीत चार, चार पाकळ्यांसारखे. हा तो तिसरा आहे. बबेसिया." सव्वीस वर्षं ज्याची वाट बघितली तो समोर होता, माझ्या बाबांच्या रक्तात. "वडिलांची प्लीहा आहे ना?"

"नाही."

बाई पहिल्यांदाच घाईने उठल्या. "प्लीहा असती तर हे जंतू तिने गाळले असते. प्लीहा नसलेल्या माणसाला हा बघता बघता संपवतो. औषध आजच बदलायला हवं."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी कपाळ चोळलं. "मॅडम, हा आजार इथे कधी नोंदला गेलेला नाही."

"मलेरिया नोंदला गेलाय?"

"नाही, पण..." ते थांबले. "यांचं रक्त इतकं उतरलेलं असताना मी जर चुकीचं औषध घातलं तर? पेशंट म्हणतात काहीही चावलेलं नाही. अंगावर खूण नाही. गोचीड लागली होती याला काही पुरावा आहे? नाहीतर मी वरिष्ठांना विचारतो. ते परवा येतील."

बाबांकडे परवा नव्हता. हे डॉक्टरांनाही दिसत होतं, म्हणून ते आमच्याकडे बघत नव्हते.

बाई बाहेर मोकळ्या जागेत आल्या आणि माझ्याकडे वळल्या. "गोचीड कुठे आहे?"

"नव्हती हो. फक्त एक चामखीळ होती, तीही गळून पडली."

आपण काय बोललो ते माझं मलाच सावकाश ऐकू येत गेलं.

"चामखीळ," बाई म्हणाल्या, "आठ दिवसांत टपोरी होते आणि मुळासकट गळते?"

आम्ही घरी गेलो. आई कपडे बदलून पुन्हा इस्पितळात निघण्याच्या बेतात होती. तिला प्रूफरीडिंगची चाळीस वर्षांची सवय आहे. छापलेलं काहीही वाचताना तिच्या हाताची बोटं पेन शोधतात, औषधाच्या वेष्टणातल्या चुकाही ती कंपनीला कळवते.

"आई, बाबांची चामखीळ पडली त्या दिवशी तुला गादीवर काही सापडलं होतं का?"

"चामखीळ? छे. मी चादर झटकून बघते ना."

"काहीच नाही?"

"काही नाही म्हणजे, चामखीळ नाही. एक बी सापडली होती."

"कसली बी?" बाईंनी विचारलं.

"एरंडाची. मैत्रिणीने मला बिया देते म्हटलं होतं, लाल पानांचा एरंड, मला वाटलं तिनेच पिशवीत टाकली असेल आणि यांच्या कपड्यांना चिकटून आली. जरा फिकट होती. म्हटलं, कच्ची असेल. पण टाकवेना. लावली."

"लावली," मी म्हणालो.

"कुंडीत. रोज पाणी घालते. उगवत नाही मेली."

मेली नव्हती.

बाल्कनीत नऊ कुंड्या ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येकीत आईच्या अक्षरातली पट्टी खोचलेली होती. सहाव्या कुंडीतली पट्टी बाईंनी वाचली. मोठ्याने वाचली. "एरंड, एक बी. दिनांक बारा, सोमवार, सकाळी सात. सापडली यांच्या चादरीवर, पायांकडच्या बाजूला. रंग राखी, चकचकीत. स्पर्श मऊ, प्रश्नचिन्ह." बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माझी माणसं दोन वर्षं शिकून अशी पट्टी लिहीत नाहीत," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलंच नाही, इतकं ते स्पष्ट होतं.

मग त्यांनी चमच्याने माती बाजूला केली. अडीच बोटं खाली ती बसली होती. आकसलेली, सुरकुतलेली, पाय दुमडलेले. तिच्यासमोर तपकिरी चकचकीत मोत्यांचा ढीग होता. शेकडो. कदाचित हजार.

"अगं बाई," आई म्हणाली. "हे काय?"

"अंडी. जेवून झालं की ती ओलसर जागा शोधते आणि अंडी घालते. एरवी तिला पालापाचोळ्यात वणवण करावी लागली असती. तुम्ही तिला ओल दिली, सावली दिली, रोज पाणी दिलंत." बाई त्या ढिगाकडे बघत होत्या. "माझ्या प्रयोगशाळेत यांतली निम्मी मरतात."

"मी तिच्याशी बोलतसुद्धा होते," आई कशीबशी म्हणाली. "म्हणजे यांना हिनेच... आणि मी तिला..."

"तुम्ही तिला टाकून दिली नाहीत," बाई म्हणाल्या. "त्याचाच आता उपयोग आहे. चला."

नळीत भरायला वेळ नव्हता आणि अंडी हलवायची नव्हती, म्हणून आम्ही कुंडीच उचलली. इस्पितळाच्या दारात रखवालदाराने हात आडवा केला.

"रोपं आत न्यायची नाहीत."

"हे रोप नाही," बाई म्हणाल्या.

"मग काय आहे?"

"प्राणी."

"प्राणी तर अजिबातच नाही."

"एकच आहे," आई म्हणाली.

"आणि हजार अंडी," बाई म्हणाल्या, कारण त्या नोंदीत खोटं लिहीत नाहीत.

रखवालदाराने कुंडीत डोकावून बघितलं. त्याला माती दिसली. तीन गंभीर माणसं एका रिकाम्या कुंडीला प्राणी म्हणत होती. त्याने आवाज एकदम मऊ केला. "कुणी गेलंय का तुमच्यातलं?"

"अजून नाही," मी म्हणालो. रखवालदाराने दार उघडलं आणि स्वतः लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्टमधल्या प्रमाणपत्रावर सही जुनी होती आणि ती बाबांची होती. तपासले, सुरक्षित. आई वर पोचेपर्यंत त्या सहीकडे बघत राहिली.

डॉक्टरांच्या टेबलावर कुंडी ठेवल्यावर ते आधी आमच्याकडे बघू लागले, मग भिंगातून गोचिडीकडे, मग आईच्या पट्टीकडे. पट्टी त्यांनी दोनदा वाचली. तारीख त्यांनी बोटांवर मोजली. ताप कधी आला ते पुन्हा मोजलं.

"बसतं," ते म्हणाले. "सगळं बसतं." त्यांनी फोन उचलला, कुणालातरी परवाऐवजी आत्ता उठवलं, आणि अर्ध्या तासात औषधं बदलली. दोन औषधांची नवी जोडी सुरू झाली, शिवाय रक्ताची बाटली. संध्याकाळपर्यंत बाईंनी गोचिडीच्या एका पायातून तपासणी करून कळवलं की तिच्यातही तोच बबेसिया आहे.

पहिला दिवस काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ताप अर्ध्या अंशाने उतरला आणि आईने तो आकडा तीन वेगवेगळ्या थर्मामीटरनी तपासला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात शिरलो तर बाबा पलंगाच्या कडेला बसून, दोन्ही हातांनी दांडी धरून, पलंग हलवून बघत होते.

"डावा मागचा पाय ढिला आहे," ते म्हणाले.

आई बाहेर जाऊन रडून आली. येताना पाना घेऊन आली.

आठवड्याने बाई भेटायला आल्या. हातात लहानशी बाटली होती, बाटलीत स्पिरिट, स्पिरिटमध्ये ती. बाबांनी भिंग मागितलं आणि बराच वेळ बघितलं. पाय मोजले. तोंडावरचे उलटे काटे बघितले.

"हे उलटे काटे कशाला?"

"बाहेर ओढली तरी सुटू नये म्हणून."

"लिफ्टला असाच ब्रेक असतो. दोर तुटला की दातेरी पाचर रुळात घट्ट रुतून बसते." बाबांच्या आवाजात एका कारागिराला दुसऱ्या कारागिराबद्दल असतो तसला आदर होता. "आठ दिवस होती? आणि मला कळलंही नाही? आणि वर मी टूथपेस्ट लावत होतो? ही बया काय म्हणत असेल मनात!"

"चव आवडली नसेल," मी म्हणालो.

"तू बोलू नकोस. तू 'छान' म्हणाला होतास."

आई खाली मान घालून बसली होती. "मी हिला एरंडाची बी समजले. चाळीस वर्षं चुका शोधल्या आणि ही एवढी मोठी चूक सुटली माझ्या हातून."

"चूक तुमची नाही," बाई म्हणाल्या. "रिसिनस म्हणजे जुन्या लॅटिनमध्ये गोचीडच. बी अगदी तिच्यासारखी दिसते, म्हणून एरंडाच्या झाडाला तिचं नाव दिलं. तुम्ही ते फक्त उलट्या बाजूने वाचलंत."

आईने मान वर केली. त्या दिवसापासून ती हे प्रत्येकाला सांगते. मी विचारलं नाही तरी सांगते.

मग बाईंनी बाटलीला लावायची चिठ्ठी काढली. या भागातली पहिली नोंद होती, त्यामुळे चिठ्ठी कायमची संग्रहात राहणार होती, आणि ती आईच्या अक्षरात असावी असा त्यांचा हट्ट होता. जात, दिनांक, ठिकाण आईने भरलं. चौथा रकाना आला.

"यजमान," आईने वाचलं आणि पेन थांबलं. "इथे काय लिहू?"

"ती ज्याच्या अंगावर जेवली तो. आमच्या शास्त्रात त्याला यजमान म्हणतात."

"अहो, आमच्याकडेही यांनाच म्हणतात," आई म्हणाली आणि लाजली. एकसष्ट वर्षांची माझी आई, लाजली. मग तिने बाबांचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे वय, आणि सवयीने शेवटी पूर्णविराम दिला.

बाईंनी चिठ्ठी हातात घेतली. त्या रकान्यात एरवी 'उंदीर' किंवा 'गाय' एवढंच येतं. त्या म्हणाल्या, "नोंद..." आणि मग त्यांना पुढचं सापडेना. म्हणून त्या म्हणाल्या, "वा."

बाबा उशीला टेकून बाटलीकडे बघत होते. "म्हणजे मी दोघींचा यजमान. एकीचा अडतीस वर्षं, एकीचा आठ दिवस."

"आणि रक्त कोणी जास्त प्यायलं?" मी विचारलं.

बाबांनी आईकडे बघितलं. आईने पाना हातात घेतला.

"पेन दे," बाबा मला म्हणाले. त्यांनी बाटलीवरची चिठ्ठी सरळ केली आणि आईच्या पूर्णविरामानंतर, अगदी बारीक अक्षरात, वळणदार लिहिलं, "तपासले." मग थोडा विचार केला आणि पुढचा शब्द लिहिलाच नाही.